कापसाची खेप

कापसाची धूळ नाकात गेली की मला पुलगावचा रस्ता आठवतो आणि मन थंड होतं. आमच्या घरी एकसारख्या दोन पिकअप होत्या. एक मी चालवायची, दुसरी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सोयाबीनची पोती ते स्वतः न्यायचे आणि केबिनच्याही वर चढलेला, समोरचा सगळा वारा अंगावर घेणारा कापूस माझ्या गाडीत भरायचे. माझी गाडी डिझेल जास्त खायची. एकदा देवळीच्या चहाटपरीवर चारचौघांत ते हसले, "बाईच्या हाती गाडी देल्ली का डिझेल पेतेच. चाबीच काढून घेतो आता." नवरा खाली मान घालून चहा पीत राहिला. मी म्हटलं, "उद्या कापूस तुमी न्या भाऊजी, सोयाबीन मी नेतो." त्यांनी कापूस भरला, डिझेल मात्र सोयाबीनला पुरायचं तेवढंच टाकलं. पुलगावच्या अलीकडे, भर दुपारी, त्यांची गाडी कोरडी होऊन उभी होती आणि ते रस्त्यात येऊन ओरडत होते, "थांब व बाई, थांब!" मी काच वर केली, लांब हॉर्न दिला आणि निघून गेले. चाबी माझ्याकडेच राहिली. त्या जागी आता कोणी उभं नसतं, तरी मी अजून हॉर्न देते.