खडकाची खूण आणि समूहाचे मौन

सर्व तांडेल बंधूंना नमस्कार.

आज सकाळी मुलगा मुरब्याहून बोट घेऊन निघाला. सोन्याच्या मोलाचा घोळ मासा मिळणाऱ्या खडकाची खूण मी त्याला फोनवर आवाजात बोलून पाठवली : शिरगावच्या किल्ल्याचा बुरूज कोणत्या माडामागे गेला की जाळे टाकावे. ही खूण वडिलांनी फक्त मला सांगितली होती. तो संदेश चुकून या समूहात आला.

हे मला हरेश्वर तांडेलाने फोन करून कळवले. आमचे सात वर्षे बोलणे नाही.

"काका, तुमची खूण ग्रुपवर पडलीय. पयली पुसा. आमी कोनी ऐकली नाय."

"ऐकली नाय, तर खूण हाय हे कसा कळला?"

"भांडन नंतर करा, पयली पुसा!"

पुसण्यापूर्वी पाहिले, तर निम्म्याहून अधिक जणांनी ती ऐकली होती.

दुपारी मुलगा परतला. म्हणाला, "बाबा, खडकावर आपली एकटीच बोट होती."

मी चौथी शिकलेला. फोनवर गेलेली गोष्ट गावभर होते, असे मी मानत आलो. एवढ्या माणसांनी एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली, हे पाहून मी थक्क आहे.

हरेश्वर, उद्या घोळ घेऊन तुझ्या दारी येतो. दार उघडशील ना?