भोपळ्यातल्या भुताचा आवाज

आमच्या गल्लीत गुंडाप्पा आण्णांची ओळख करून द्यायची झाली, तर तंबाखूच्या वखारीतली त्यांची तीस वर्षांची नोकरी कुणी सांगत नसे. "टीव्हीवर भूत झालतं ते," एवढंच सांगत. मी शहापूरची. लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा सासूबाईंनीही मला ते असेच दाखवले होते. खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध, हातात शेपूची जुडी. भूत म्हणून फारच सालस वाटले.

अठ्ठ्याऐंशी साली नाटकाच्या वेडापायी ते आठ महिने मुंबईत राहिले होते. तेव्हा टीव्हीवर दर आठवड्याला भुतांची एक हिंदी मालिका लागायची. पांढऱ्या साड्या, दोरीला टांगलेली वटवाघळं, उदाचा धूर. तिच्या दिग्दर्शकाला कुणीतरी सांगितलं की परदेशात ऑक्टोबरअखेर हॅलोविन नावाचा भुतांचा सण असतो, त्यात लोक भोपळा कोरून आत दिवा लावतात. झालं! मंडईतून टोपल्याएवढा लाल भोपळा आला. पण कापायचा कुणी? सेटवरच्या मावशी म्हणाल्या, अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पहिली सुरी लावत नसतं. शेवटी आण्णांनीच सुरी घेतली. "सोत्ताचं डोस्कं सोत्ता कोरलेलं मी एकटंच भूत," असं ते सांगत. मग दोन दिवस तो भोपळा डोक्यावर चढवून, कानात बिया जात असताना, त्यांनी भूत केलं. एक वाक्य आणि एक हसणं, एवढंच काम.

ते हसणं मात्र अख्ख्या निपाणीला पाठ होतं. लग्नात, पूजेच्या मांडवात, एस.टी.ची वाट बघताना कुणीतरी म्हणायचंच, "आण्णा, एकदा हुंदे." आण्णा आधी बारीक खाकरत आणि मग पोटातून असं काही हसत की पोरं आईच्या पदरात शिरायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा घसा बसला तो बसलाच. बेळगावला दाखवलं तर गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता श्वासासाठी मानेला भोक आहे, त्यावर रुमाल. बोलायचं ते वहीत लिहून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांच्या मुलाने, अतुलने, आणून दिलं होतं. त्यातली घरघर ऐकली आणि राजमती आक्का, म्हणजे आण्णांची बायको, उठून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. आण्णांनी ते यंत्र कपाटात ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही.

आक्कांना एकच पाहिजे होतं. नवऱ्याचा आवाज एकदा ऐकायचा होता.

"मानूस समोर हाय गं," मला म्हणाल्या, "पर आवाज इसराय लागलोय मी. भाकरी थापताना मुद्दाम आठवाय जाते, तर येतच न्हाय."

अतुलचा जुना फोन एस.टी.त चोरीला गेला, त्यात सगळे व्हिडिओ गेले. घरातल्या लग्नांच्या सीडीत माणसं नुसती तोंडं हलवतात आणि वर सनई वाजते. उरला तो भोपळ्याचा भाग. अतुल कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. सहा महिने तो इंटरनेट धुंडाळत होता. गेल्या ऑक्टोबरात सापडलं! कुणीतरी घरच्या जुन्या कॅसेटवरून ते चढवलं होतं.

रविवारी दुपारी आक्कांनी मला बोलावून घेतलं. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. भडंगाची परात मध्ये ठेवली होती. आण्णा मात्र दाराजवळच्या खुर्चीत.

"या की पुढं," आक्का म्हणाल्या. "तुमचाच तर पिच्चर."

आण्णांनी मानेनेच नको म्हटलं. मला वाटलं, लाजताहेत.

टीव्हीवर मुंग्या मुंग्या आल्या, मग चित्र स्थिर झालं. वटवाघूळ दोरीसकट दिसलं तेव्हा आम्ही सगळेच हसलो. धुरातून भोपळा आला. उजवं पाऊल जरा बाहेर टाकत चालत होता.

"त्येच! त्येच चालनं!" आक्का टाळी वाजवून म्हणाल्या. "गप बसा आता, बोलनार हाईत."

भूत बोललं. भरदार, घोटीव हिंदी. आणि मग हसलं.

आक्कांचा हात परातीतच राहिला. "ह्यो कोन?"

"आण्णाच की," अतुल म्हणाला. "भोपळ्यात घुमलाय आवाज."

"पुन्यांदा लाव."

त्याने लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"न्हाय रं. ह्येनी हसायच्या आदी खाकरत्यात. ह्यो मानूस खाकरला न्हाय."

अतुलने मागे वळून पाहिलं. आण्णा वहीत लिहीत होते. लिहून झालं तरी वही कुणाकडे देईनात. शेवटी अतुलनेच घेतली आणि वाचून दाखवली.

"आवाज दुसऱ्याचा. माझ्या हिंदीला आपल्याकडचा हेल येतो म्हणाले. मागनं दुसऱ्याकडनं वदवून घेतलं."

"आणि हसणं?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं. "ते पण. मला सांगितलंच नव्हतं. टीव्हीवर लागलं तवा कळलं. सगळी गल्ली बसलेली. काय सांगू? मग वखारीत पोत्यांच्या मागं बसून तसं हसाय शिकलो."

टीव्हीत कुत्रं भुंकत होतं. अतुलने ते थांबवलं.

"माझ्यापाशी तरी बोलायचं हुतं," आक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी कशाला हसले असते? आता कुटं हुडकू मी?"

आण्णा उठले. आक्कांसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी खाकरायचा प्रयत्न केला. छाती भरली, तोंड उघडलं, खांदे गदागदा हलले. मानेवरचा रुमाल फडफडला आणि त्याखालून फुस्स् फुस्स् अशी हवा येत राहिली. अतुल खिडकीकडे बघू लागला. मला उठून जावं वाटलं, पण उठता येईना.

"बास," आक्का म्हणाल्या. "बास करा, ठसका लागंल." त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं, रुमाल नीट केला.

मी परात उचलायला गेले, तर आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊदे." मग अतुलला म्हणाल्या, "ते परत लाव. आवाज बंद कर, नुसतं चालूदे."

अतुलने लावलं. धुरातून भोपळा आला, पाऊल बाहेर टाकत पायऱ्यांपर्यंत गेला.

"हितं थांबव. फुडं जाळत्यात त्येला," आक्का म्हणाल्या. "मागं घे. परत."