करडीच्या रस्त्यावरची फुटकी काच

त्या काचेचे खडे पहिल्यांदा तळहातावर घेतले ती दुपार मी विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी म्हणालं की साहेब, तुमची एखादी केस सांगा, तर मी ही अपघाताची केस सांगतो. नावं सांगणार नाही. यातली माणसं जिवंत आहेत आणि आपापल्या गावात नांदत आहेत.

आधी घरचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी या केसला का चिकटून बसलो ते कळणार नाही. माझे वडील तुमसरला राईस मिलमध्ये हमाल होते. आई धानाच्या रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, कंबरेत वाकलेली असायची. हंगाम सरला की आमची चूल दिवसातून एकदाच पेटायची. एकदा मिलमधून तांदळाची पोती गेली आणि पोलिसांनी सगळ्या हमालांना ठाण्यात नेऊन बसवलं. आई डबा घेऊन फाटकाबाहेर उभी होती. आत काय चाललंय ते तिला कुणी सांगेना. चोर पुढे सापडला, तो मिलचाच मुनीम निघाला. वडिलांना घरी सोडलं, पण मिलने पुन्हा कामावर घेतलं नाही. ठाण्यात बसून आलेला माणूस नको म्हणाले. त्यानंतरची वर्षं आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो, परीक्षा दिली, फौजदार झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आता केस. मोहाडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. धानाची कापणी सुरू होती आणि रस्त्यांवर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. एका दुपारी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला. करडीकडच्या रस्त्यावर अपघात, जखमी बेशुद्ध, डोक्याला मार. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलंय. ट्रॅक्टरवाला तिथेच आहे आणि लोक त्याला मारायला निघालेत.

जखमी माणूस साठीतला शेतकरी. कारल्याच्या वेलांना मांडव घालायचा म्हणून सायकलला लांब बांबू बांधून घरी निघाला होता. बांबूंची टोकं हँडलच्याही पुढे आलेली. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर तो पडला. ट्रॉलीत रक्त होतं, ट्रॅक्टर समोर होता. जखमीच्या मेहुण्याने फिर्याद दिली की ट्रॅक्टरने धडक मारली. गुन्हा नोंदवला गेला.

ट्रॅक्टर चालवणारा पंचविशीतला पोरगा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने जाणारा. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा त्याच्या शर्टावर जखमीचं रक्त वाळलं होतं.

"किती स्पीडमध्ये होता?" मी विचारलं.

"उभा होतो जी साहेब."

"उभ्या ट्रॅक्टरने माणूस पडतो का?"

"माह्या ट्रॅक्टरनं नाही पडला जी. कारनं पाडला. भल्ली मोठी काळी कार. थे माह्या समोरून येऊन राहिली होती. पाळीवरून दोघं निघत नाही, म्हणून मी थांबलो. कारनं रिव्हर्स घेतला. कारच्या मागून हे मामाजी सायकल घेऊन येत होते. धाडकन आवाज झाला, मामाजी खाली. मंग कार पुढं आली, माह्या बाजूनं कशीतरी निघाली अन् पळाली."

"नंबर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नंबर पाहू का माणूस पाहू, साहेब? डोक्यातून रगत वाहून राहिलं होतं त्याहीच्या."

आमचे हवालदार तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बाजूला उभे होते. जुने, अनुभवी, तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, "करडीच्या रस्त्यावर काळी कार! हेलिकॉप्टर उतरलं म्हण ना बापा, तेही लिहून घेतो."

बाहेर जखमीची बायको ओरडत होती. "माह्या मानसाले पाडलं अन् आता आतमंदी गोष्टी सांगून राहिला! उचलून आणलं म्हणते! पाडलं नसतं तं उचलले कायले असतं?"

हे तिचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पाडलं नसेल तर उचललं कशाला, हाच सगळ्यांचा पुरावा होता. ट्रॅक्टरमालकाने तर संध्याकाळ व्हायच्या आत निरोप धाडला की या पोराला आता कामावर ठेवणार नाही. मला तो निरोप ओळखीचा वाटला.

मी पंच घेऊन जागेवर गेलो. पंचनामा करताना पाहिलं तर रस्त्याच्या कडेला गवतात काचेचे बारीक खडे पडलेले. खडीसाखरेसारखे, पण काळपट. हवालदार म्हणाले, "दारूच्या बाटलीची असंन साहेब." बाटलीची काच फुटली तर धारदार लांबट तुकडे होतात. हे चौकोनी होते. काहींवर तपकिरी रंगाची बारीक रेघ होती. बांबूचं पुढचं टोक चिरलं होतं आणि त्या चिरेत काचेचा भुगा. ट्रॅक्टरला तर दिव्यांखेरीज काचच नव्हती आणि दिवे शाबूत होते. सगळं जप्त करून पुड्या बांधल्या, सील केलं.

ती रेघ कसली, ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी जखमीचा वैद्यकीय अहवाल आणायला दवाखान्यात गेलो. आवारात एका डॉक्टरांची गाडी उभी होती. तिच्या मागच्या काचेवर आडव्या तपकिरी रेघा. ते डॉक्टर खिडकीत उभे होते, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "काच तापवायच्या तारा आहेत त्या. काचेवरचं धुकं जावं म्हणून. पुढच्या काचेला नसतात."

म्हणजे पोरगा खरं बोलत होता. कारची मागची काच फुटली होती, रिव्हर्स घेताना, बांबू लागून.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "फिर्याद आहे, ट्रॅक्टर आहे, ट्रॉलीत रक्त आहे. काचेचं काय घेऊन बसलात? रस्त्यावर काय कमी काचा असतात? आरोपपत्र टाका आणि मोकळे व्हा."

मी म्हणालो, "साहेब, मला वेळ द्या. आरोपपत्र टाकीन, पण ज्याने केलं त्याच्यावर."

भंडारा आणि नागपूरच्या काचवाल्यांकडे माणसं पाठवली. अशी गाडी काचेसाठी कुणाकडेच आली नव्हती. जखमी माणूस शुद्धीवर आला, पण त्याला सायकलवर बसल्यापुढचं काही आठवत नव्हतं. बायकोचा राग आणखी वाढला. पोरगा रोज ठाण्यात हजेरी लावायचा आणि बाकड्याच्या टोकाशी बसायचा. एकदा मला म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळेस कोणी पडलं तं मी नाही थांबनार." या केसमध्ये खरं काय पणाला लागलंय ते मला त्या दिवशी कळलं.

खबर आणली ती आमच्या हवालदारांनी, आणि तीही खर्ऱ्याच्या ठेल्यावरून. तुमसरला त्यांचा नेहमीचा ठेला होता. ठेलेवाला त्यांना म्हणाला, "एका मिलमालकाचा ड्रायव्हर रोज काळी कार लावून खर्रा न्यायचा. आता सायकलनं येते. इचारलं, गाडीले का झालं? तं म्हणे, बाईची तब्येत खराब हाय, झाकून ठेवली." गाडीला हा ड्रायव्हर बाई म्हणायचा. हवालदारांना मी खर्ऱ्यावरून पुष्कळदा बोललो होतो. त्या दिवसापासून बोलणं सोडून दिलं.

पंच घेऊन मी मिलवर गेलो. मालक मोठा माणूस. खुर्च्या मांडल्या, चहा मागवला.

"तुमची गाडी पाहायची आहे."

"पाहा ना साहेब, खुशाल पाहा."

गोदामातल्या गाडीवरचं कापड काढलं. परदेशी कंपनीची आलिशान काळी कार, चकाचक. मागची काच धड, एक चराही नाही. हवालदारांचं तोंड उतरलं.

"काच कधी बदलली?" मी विचारलं.

"बदलायची काय गरज? कंपनीतून आली तशीच हाय. लिहून घ्या." मालक पंचांकडे बघून हसले.

मी लिहून घेतलं. मग गाडीला फेरी मारली. मागे आलो आणि थांबलो. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं छोटं स्वस्तिक होतं. हळद ताजी, पिवळीधमक. मागच्या चाकापाशी नारळाच्या करवंटीचा तुकडा, आणि फरशीच्या फटीत जळालेल्या उदबत्तीची काडी.

आमच्याकडे गाडीची पूजा सगळेच करतात. दसऱ्याला करतात, नवी गाडी घेतली की करतात. पण ती पुढून. बॉनेटवर स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. मागच्या काचेला कुणी हळदीकुंकू लावत नाही.

ड्रायव्हर खांबाला टेकून उभा होता. पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध. मी साध्या आवाजात विचारलं, "काका, मागच्या काचेची पूजा काहून केली?"

"नवीन वस्तू हाय ना जी," तो सहज बोलून गेला. "बिना पूजेची कशी चालवायची?"

बोलला आणि त्याने जीभ चावली. मालकाच्या हातातला कप तसाच राहिला.

पुढचं काम सरळ होतं. गाडीच्या प्रत्येक काचेवर कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यावरून ती कधी बनली ते कळतं. बाकीच्या काचा एका सालच्या होत्या, मागची अलीकडची. डिकीतला गालिचा उचलला. जादा चाकाच्या खळग्यात काळपट खडे निघाले, काहींवर तीच तपकिरी रेघ. नागपूरला चौकशी होणार हे ओळखून काच रायपूरहून मागवली होती आणि बसवणारा माणूस मिलवरच बोलावला होता.

मालकाने लगेच पवित्रा बदलला. "मी गाडीत नव्हतोच. ड्रायव्हर एकटा गेला होता. मला आत्ता कळतंय."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "हो जी, मीच चालवत होतो."

त्याचा जबाब तसाच लिहिता आला असता. कबुली समोर होती. पण मला ती पटेना. मी म्हणालो, "ठीक आहे. गाडी जरा मागे घे. फाटकापर्यंत."

तो बसला. स्टिअरिंगला हात लावून पाया पडला. खिडकीची काच खाली केली आणि अर्धं अंग बाहेर काढून, मागे पाहत, गाडी सरकवू लागला. मध्येच थांबला, खाली उतरला, मागे जाऊन पाहून आला, परत बसला. समोर पडद्यावर मागचं सगळं चित्र दिसत होतं. त्याने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उमेदीत हा माणूस ट्रक चालवायचा, ते हाडात मुरलेलं होतं.

मी त्याला उतरवलं. बाजूला नेऊन म्हटलं, "काका, तू चालवत असता तर तुला तो सायकलवाला दिसला असता. खरं सांग."

त्याचे डोळे भरले. "मी म्हटलं होतं जी मालकाले, उतरून पाहतो. मालक म्हणे, कायले उतरतं? कॅमेरा हाय. ऊन होतं, पडद्यावर काही दिसून नाही राहिलं होतं. तरी त्याहीनं दाबली." मग जरा थांबून म्हणाला, "त्याहीचं मीठ खाल्लं ना साहेब."

"आणि तो ट्रॅक्टरवाला पोरगा? तो कुणाचं मीठ खाऊन जेलमध्ये जाईल?"

त्याने डोळे पुसले आणि घडलं तसा जबाब दिला.

मालकाला अटक केली. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर ओळख परेड झाली. सारख्या वयाची, सारख्या बांध्याची माणसं रांगेत उभी केली. ट्रॅक्टरवाल्या पोराने कारचा नंबर पाहिला नव्हता, पण ती बाजूने निघाली तेव्हा स्टिअरिंगमागचा चेहरा हातभर अंतरावरून पाहिला होता. त्याने रांग एकदा पाहिली आणि मालकासमोर जाऊन उभा राहिला. काचेचे दोन्ही ठिकाणचे खडे प्रयोगशाळेत एकाच जातीचे निघाले.

जखमीची बायको ठाण्यात आली तेव्हा पोरगा बाकड्यावरच होता. ती त्याच्याशेजारी बसली.

"मी तुले लय शिव्या देल्ल्या ना रे," ती म्हणाली.

"देल्ल्या मामी. पुऱ्या तालुक्यानं आयकल्या."

"मंग आता घरी ये एक दिवस. मामा बसते खाटीवर. जेवून जा."

"मांडव कोण घालून देईन कारल्याले? तुमचे बांबू तं पोलिसांपाशी हायेत," पोरगा म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत लोक मला विचारत आले की गुन्हेगार कसा ओळखता. मी या केसवरून दोन गोष्टी सांगतो. माणूस चूक झाकायला काय वाटेल ते करतो, पण ज्यावर त्याची श्रद्धा आहे ते त्याला टाळता येत नाही. त्या ड्रायव्हरने गाडी झाकली, तोंड झाकलं, पण नवी काच पूजेवाचून ठेवणं त्याला जमलं नाही. दुसरी गोष्ट आमच्या खात्यातल्या पोरांसाठी. जागेवर जो पहिला सापडतो तो गुन्हेगार असेलच असं नाही. पुष्कळदा बाकीचे पळून गेलेले असतात आणि थांबलेला तो एकटाच असतो. त्याच्या शर्टावरचं रक्त कुणाचं, एवढंच पाहून थांबू नका. ते शर्टावर कसं आलं, ते विचारा.

खटला चालला. निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत करणे, जखमीला टाकून पळणे आणि पुरावा नष्ट करणे, या तिन्ही आरोपांवर मालकाला शिक्षा झाली. ट्रॅक्टरवाल्या पोराचं नाव आरोपींमधून वगळलं गेलं आणि सरकारी पक्षाचा पहिला साक्षीदार म्हणून लागलं.