व्याह्यांना फ्रेंचमधून आग्रह

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी फ्रेंच शिकलो आणि त्या भाषेचा पहिला उपयोग एका सज्जन माणसाला भरल्या पानावरून उठवण्यासाठी केला. हा सज्जन माणूस माझा होणारा व्याही होता. आज मी ही गोष्ट हसत सांगतो, पण घडत होती तेव्हा घरात कोणीही हसत नव्हतं. (मुलगी हसत होती, असं बायकोचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही.)

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं पंपसेटचं दुकान आहे. आमची एकुलती एक मैथिली शिकायला म्हणून फ्रान्समध्ये ल्योंला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि एके दिवशी व्हिडिओ कॉलवर तिनं पॉल नावाचा एक उंच, लाजरा मुलगा आमच्यासमोर उभा केला. मुलगा चांगला होता. पुढच्या कॉलला त्याचे आईवडील आले, जेरार आणि क्लेअर. माणसं तीही चांगली. अडचण एकच होती, त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला फ्रेंच. मधे दुभाषी म्हणून मैथिली. एकदा मी आमचं घराणं, शाहूवाडीची माझी सासुरवाडी, मुलीवरचे संस्कार या विषयांवर चांगला घसा मोकळा करून बोललो. मैथिलीनं ते सगळं तीन शब्दांत उरकलं. व्याही "वी, वी", म्हणजे हो, हो, म्हणून हसले. मी विचारलं, काय सांगितलंस गं? म्हणाली, "तुम्ही मजेत आहात म्हणून सांगितलं."

तिथं माझं डोकं फिरलं. मुलीचा बाप म्हणून मला त्या माणसाला एकच वाक्य सांगायचं होतं : माझी पोर तुमच्या घरात येतीय, तिला जपा. हे वाक्य त्या पोरीच्याच तोंडून कसं पोचवणार? ती पुन्हा 'पप्पा मजेत आहेत' सांगून मोकळी होणार! थंडीत व्याही-विहीण आमचं घर बघायला कोल्हापूरला येणार होते. तोवर फ्रेंच शिकायचं आणि ते वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलायचं, असा मी निश्चय केला. बायकोनं, म्हणजे सुलभानं, एवढंच विचारलं की मागच्या वर्षी आणलेली हार्मोनियम कपाटावरून खाली कधी येणार आहे. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आमच्याच भागात एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर चौगुले मॅडमचा फ्रेंचचा क्लास निघाला. बाकी विद्यार्थी बारावीचे, मी मॅडमच्या वडिलांपेक्षा मोठा. मॅडमची पद्धत निराळी होती. पुस्तक नाही, पाठांतर नाही. एका आठवड्यात एक सुंदर गाणं, दुसऱ्या आठवड्यात फ्रान्समधल्या चालू घडामोडी. त्यांचं म्हणणं, भाषा गाण्यानं आवडते आणि बातम्यांनी कळते.

पहिलं गाणं लागलं तेव्हा मला एक शब्द कळला नाही. एका म्हाताऱ्या गायकाचा घोगरा आवाज आणि मागं हळू वाजणारा पियानो. मॅडमनी मग अर्थ सांगितला. फलाटावर एक माणूस उभा आहे, गाडी सुटतीय आणि तो तिला म्हणतोय, अजून एक, अजून एकच क्षण, फक्त माझ्यासाठी, नाही म्हणू नकोस, माझं काळीज तुटेल. पण खरं सांगतो, अर्थ कळायच्या आधीच मी खिशातून रुमाल काढला होता. मैथिलीला विमानतळावर सोडलं तेव्हा मी तिला फक्त 'पासपोर्ट बघ नीट' एवढंच म्हणालो होतो. म्हणायचं होतं ते हे होतं! सुंदर गाण्याचं हेच आहे, आपल्याला जे जमलं नाही ते कुठला तरी परका माणूस परक्या भाषेत म्हणून जातो. मी ते गाणं दुकानात लावून बसू लागलो. एकदा गिऱ्हाईक फूटव्हॉल्व्ह मागत होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. त्याला वाटलं, घरात काहीतरी वाईट झालंय. व्हॉल्व्ह न घेताच हात जोडून निघून गेलं.

घडामोडींचा आठवडा मात्र एकदम घरचा वाटायचा. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावलेत, रेल्वेवाले संपावर गेलेत, दूध रस्त्यावर ओतलंय आणि मंत्री म्हणतोय चर्चा सुरू आहे. फ्रान्स म्हणजे आपलाच एखादा तालुका असावा, असं माझं मत झालं. बारावीची पोरं जांभया द्यायची आणि मी पहिल्या बाकावरून हात वर करून म्हणायचो, मागण्या मान्य होईपर्यंत आम्ही मागे हटणार नाही! मॅडम म्हणायच्या, काकांचे उच्चार बघा. मी घरी आंघोळीला गाणं म्हणायचो आणि चहाला बातम्या. सुलभा बाहेरून ओरडायची, "अहो, त्या बाईला जाऊ द्या की एकदाची!"

या पद्धतीत एक बारीकशी उणीव होती. 'तू गेलीस तर मी मरेन' आणि 'सरकारनं माघार घ्यावी' यांच्या मधलं फ्रेंच मला अजिबात येत नव्हतं. पाणी हवं का, मीठ कमी पडलं का, अशी रोजची वाक्यं कोणत्याच गाण्यात नव्हती आणि कुठल्या संपातही. माझं ते जपण्याचं वाक्य तेवढं मॅडमकडून मुद्दाम करून घेतलं होतं आणि ते झोपेतही म्हणता येत होतं.

व्याही-विहीण आले, बरोबर मैथिली. पॉलला रजा मिळाली नव्हती. पन्हाळा बघून दुपारी घरी जेवायला. सुलभानं पहाटेपासून रांधलं होतं, मटणाचं सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी, भात. वाढायला शाहूवाडीहून माझा मेहुणा तानाजी आला होता. तानाजीनं गावाकडच्या पंगतींत उभं आयुष्य वाढपी म्हणून काढलंय. त्याच्या हातून उपाशी उठलेला माणूस अजून जन्माला यायचाय. जेवायला बसण्याआधी मी मैथिलीला बजावलं, आज तू पाहुणी, तोंड उघडायचं नाही, भाषांतर तर अजिबात नाही. तिनं हसून ओठांवर बोट ठेवलं.

पहिलं ताट छान संपलं. नुसतं संपलं नाही, दोघांनी भाकरीच्या तुकड्यानं पुसून आरशासारखं लख्ख केलं. आता पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानाची अब्रू गेली, हे कोल्हापुरात कोणाला सांगावं लागत नाही. तानाजीनं दोघांची ताटं भरली. त्यांनी पुन्हा पुसली. तानाजीनं पुन्हा भरली. (तिकडे ताट पुसून ठेवणं ही यजमानाला दिलेली पावती असते, हे मला फार उशिरा कळलं.) तिसऱ्या खेपेला क्लेअर विहीणबाई हळूच "नों, मेर्सी" म्हणाल्या. आमच्यात पहिलं 'नको' रीतीचं असतं, दुसरं लाजेचं. तिसऱ्यालाही लगेच भुलायचं नसतं. आग्रह तर केलाच पाहिजे आणि तो फ्रेंचमधून मलाच करायचा होता.

आग्रहाचं फ्रेंच माझ्याकडे एकच होतं. मी पांढऱ्या रश्श्याची पळी हातात घेतली, विहीणबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, अजून एक, फक्त माझ्यासाठी, नाही म्हणू नकोस, माझं काळीज तुटेल.

विहीणबाई कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वाटी पुढं केली. मैथिलीला ठसका लागला. माझा हुरूप वाढला! मी व्याह्यांकडे वळलो. पण पुरुषाला काळजाचं काय सांगायचं, म्हणून तिथं चालू घडामोडी काढल्या. ते "नों" म्हणाले, मी म्हणालो, चर्चा सुरू राहील. ते पुन्हा "नों" म्हणाले, मी म्हणालो, आमच्या मागण्या मान्य होईपर्यंत आम्ही मागे हटणार नाही. जेरार आयुष्यभर रेल्वेत होते, संप त्यांनी जवळून बघितलेले, पण हातात पळी घेतलेला संपवाला पहिल्यांदाच बघत असावेत. त्यांनी काहीतरी लांबलचक विनवलं. मी उत्तर दिलं, सरकारनं माघार घ्यावी.

त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

हे करायला नको होतं. ताटावर आडवा हात म्हणजे तानाजीच्या दृष्टीनं वाढायला दिलेलं आमंत्रण. गावाकडे बोटांच्या फटीतून वाढणाऱ्याला मान असतो. "पावणं, लाजतायसा व्हय? घरचंच हाय की," म्हणत त्यानं तांबड्याची पळी नेमकी दोन बोटांच्या मधून सोडली. रस्सा नुकताच चुलीवरून उतरला होता. व्याही ताडकन उठले, हातरुमाल घेतला आणि तडक दाराबाहेर गेले. पाठोपाठ जिन्यावर त्यांची पावलं वाजली.

तानाजी पळी धरून उभा. "दाजी, पावणं रुसलं वाटतं," तो म्हणाला. सुलभानं पदर तोंडाला लावला. पानावरून माणूस उठला, तोही मुलीचा होणारा सासरा, आता कसलं लग्न आणि कसलं काय! मैथिली उठायला लागली. तिचा चेहरा मात्र आता उतरलेला होता. माझ्या हट्टापायी हिचं ठरलेलं मोडणार, एवढंच मला दिसत होतं. तरी मी तिला खाली बसवलं आणि म्हणालो की उठवलंय मी, आणणार पण मीच.

व्याही खाली पार्किंगमध्ये होते. पट्टा सैल केलेला, बोटांवर फुंकर घालत दोन स्कूटरींच्या मधून येरझाऱ्या. आधी मी माफी मागितली. माफीचं वाक्यही गाण्यातलंच होतं, त्यात 'प्रिये' होतं, ते मी गाळलं. (गाळलं असावं.) मग छाती भरून श्वास घेतला आणि महिनोन्महिने घोकलेलं ते वाक्य म्हटलं. माझी मुलगी तुमच्या घरात येतीय, तिला जपा. एकही उच्चार चुकला नाही.

जेरार थांबले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मधे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी फ्रेंच बोलायला शिकलो होतो, ऐकायला नाही! त्या सगळ्या भाषणात मला दोनच शब्द ओळखीचे निघाले, 'जेवण' आणि 'अजून'. मी ताबडतोब वर तोंड करून हाक मारली, "तानाजी, पावण्यांस्नी एक वाटी खाली आण!"

वाटीच्या आधी मैथिली धावत आली. व्याह्यांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. ऐकता ऐकता ती रडायला लागली. मी म्हणालो, मोडलं का गं? तिनं नाही म्हणून मान हलवली.

"पप्पा, ते म्हणतायत, मी त्यांच्याकडे जेवायला गेले की पहिल्यांदा नकोच म्हणते. ते लगेच भांडं आत नेऊन ठेवतात. त्यांना वाटायचं, हिला आपल्या हातचं आवडत नाही. आज इथं बसल्यावर त्यांना कळलं की मी पुन्हा विचारायची वाट बघत होते."

"मग तू काय करायचीस?"

"खोलीवर जाऊन पोहे करायचे," ती म्हणाली.

दोन वर्षं माझी पोर परक्या देशात रीत पाळून उपाशी उठत होती आणि मी इथं तिच्या संस्कारांवर भाषणं ठोकत होतो. मला रडू आवरलं नाही. पार्किंगमध्ये आम्ही तिघं डोळे पुसत उभे, तोवर तानाजी वाटी घेऊन हजर. व्याह्यांनी वाटीकडे बघितलं, पोटावरून हात फिरवला आणि मैथिलीला काहीतरी म्हणाले. त्यांचं म्हणणं होतं की इथून पुढं त्यांच्या घरात कोणीही तिचं पहिलं 'नको' ऐकणार नाही आणि दुसरंही. मग त्यांनी ती वाटी उभ्याउभ्या संपवली.

विहीणबाईंनी नवऱ्याचा हा शब्द फारच मनावर घेतला. आता दर रविवारी त्या मैथिलीला समोर बसवून तीन-तीनदा वाढतात, ती नको म्हणाली की चर्चा सुरू राहील म्हणतात आणि चीज संपेपर्यंत मागे हटत नाहीत. तिनं कळवलेल्या नव्या मापांनी इथं लग्नाचं ब्लाउज दोनदा उसवून झालं, शिंपी तिसऱ्यांदा घ्यायला तयार नाही. परवा फोनवर पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, पप्पा, त्यांना सांगा की माझं 'नको' म्हणजे खरंच नको आहे. मी लगेच चौगुले मॅडमकडे विचारायला गेलो, पण हे वाक्य अजून कुठल्या गाण्यात आलेलं नाही.