चूल एक की दोन

दोन हजार एकच्या जनगणनेत मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीची प्रगणक होते. मूळची मी महाडची. कापडे गावाच्या पुढे, डोंगरातल्या शाळेवर नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, त्यामुळे सगळ्यात चढाची वाडी आपोआप माझ्या वाट्याला आली. प्रशिक्षणात साहेबांनी दोन गोष्टी बजावल्या. फॉर्म मशीन वाचणार आहे, म्हणून घडी नको, डाग नको, खाडाखोड तर नकोच. आणि एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. "नाती बघू नका, चूल बघा."

पहिली तीसेक घरं सरळ गेली. मग एक घर लागलं. म्हातारे सासरे, दोन सुना, चार मुलं. दोघींचे नवरे मुंबईला. मी ओटीवर टेकून थोरलीला विचारलं, "चूल एकच ना?"

"एकच की. दुसरी कशाला असंल?"

मी फॉर्म भरत पाचव्या माणसापर्यंत आले, तोच धाकटी आतून पदर खोचत आली. "बाई, दोन लिवा. माझा स्टो हाय."

तिच्या नवऱ्याने दिवाळीला मुंबईहून स्टोव्ह आणून दिला होता. तिचा चहा, तिच्या पोरांचं दूध त्यावर व्हायचं.

"स्टो म्हंजे काय चूल झाली गो?" थोरली म्हणाली. "फुंकायची नाय, सारवायची नाय."

"पन पेटते ना?"

मी नियमाला धरून विचारलं, "जेवण कशावर होतं?"

जेवण थोरलीच्या चुलीवर होत होतं. "मग कुटुंब एकच," मी म्हटलं आणि मला वाटलं, मिटलं. आमच्या महाडच्या घरातही वहिनीचा चहा वेगळा व्हायचा; तो कुणी मोजायला आलं नव्हतं म्हणून आम्ही एकत्र होतो, एवढंच. पण धाकटीचा चेहरा पडला. "म्हंजे सरकारात मी हिच्या हाताखाली?" असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या वाटेने जात असताना धाकटीने मला हाक मारून बोलावलं. पडवीत तीन दगड मांडून, ओल्या मातीने लिंपून नवी चूल तयार होती. माती वाळायच्या आधीच पेटवल्यामुळे धूर घरभर झाला होता. डोळे पुसत ती म्हणाली, "आता बघा. भात हिच्यावरच शिजतोय."

नियम म्हणजे नियम. कालचा फॉर्म बाद करून मी दोन नवे काढले. दोन्ही भरत आले, तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात दोर वळत बसलेले म्हातारबा पहिल्यांदा बोलले.

"मंग मी कुठल्या कागदावर?"

"तुम्ही कुणाकडे जेवता, आजोबा?"

"सकाळी हिच्याकडं, रातच्याला तिच्याकडं. तसं ठरवलंय दोघींनी."

अर्धा माणूस लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. मी पर्यवेक्षकांना विचारून सांगते म्हणाले.

पर्यवेक्षक म्हणजे निवृत्तीला आलेले एक मुख्याध्यापक. तिसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर धापा टाकत वाडीवर आले. अंगणात म्हातारबा उकिडवे बसले होते. पुढ्यात तीन दगड, वर पातेलं, भोवती धूर.

"माझं तिसरं लिव बाय," ते म्हणाले. "मना कोनाच्या वाटणीत जायाचं नाय."

पर्यवेक्षक माझ्या कानाशी आले. "बाई, या घरात माणसं तेवढीच आहेत आणि कुटुंबं रोज वाढतायत. लवकर आवरा, नाहीतर पोरंही दगड मांडतील."

म्हातारबांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. पेजेला पाणी कमी पडलं होतं आणि करपल्याचा वास अंगणात पसरला होता. त्यांनी पातेलं उतरवायला हात घातला, तो भाजला आणि पेज जमिनीवर गेली. दोन्ही दारांतून दोघी एकदमच धावल्या. थोरलीने हातावर पाणी ओतलं, धाकटीने त्यांना धरून ओटीवर बसवलं. मग थोरलीने भाकरी आणली, धाकटीने वालाची आमटी, आणि एकाच ताटात वाढलं.

ताटाकडे न बघता म्हातारबांनी विचारलं, "हे कुठल्या कुटुंबाचं?"

"माझ्या," दोघी म्हणाल्या.

त्यावर जे भांडण लागलं ते वेगळंच होतं. म्हातारा माझ्याच कागदावर पाहिजे, असं दोघींचं म्हणणं. एक म्हणे, मी त्यांचं दुखणं काढलं. दुसरी म्हणे, पोरं त्यांच्याशिवाय झोपत नाहीत. म्हातारबा मान खाली घालून सावकाश जेवत होते. त्यांना घाई नव्हती. पर्यवेक्षकांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं आणि पिशवीत ठेवून दिलं.

शेवटी थोरलीच म्हणाली, "एकच लिवा बाई. पन तिचा स्टो तिचाच. मी हात लावनार नाय."

"आन् पडवीतली चूल?" मी धाकटीला विचारलं.

"तिच्यावर अंघोळीचं पानी तापवीन," ती म्हणाली. "धूर लई करते."

चौथा फॉर्म मी जीव मुठीत धरून भरला. कुटुंबप्रमुख म्हणून म्हातारबांनी अंगठा न देता सही केली, आणि तिला इतका वेळ घेतला की पर्यवेक्षक मध्ये एक चहा पिऊन आले. कुणाकडचा ते मी विचारलं नाही.

गठ्ठा जमा करताना तालुक्याच्या कारकुनाने फॉर्म मोजले. "तीन बाद? कारण लिहा."

मी लिहिलं, 'कुटुंबाने विचार बदलला.'

त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "असं कारण चालत नाही हो, बाई. शाई सांडली असं लिहा."

मी तसं लिहिलं.