क्युरपीपची भिंत

माझे दाजी सूर्यकांत गंगाराम पक्के क्युरपीपचे, आमच्या बेटाच्या वरच्या थंड पठारावरचे. तिथल्या स्वेटरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मुकादम होते. त्या गावात वर्षातले आठ महिने पाऊस पडतो आणि उरलेले चार महिने आता पडेल असं वाटत राहतं. कपाटातल्या बुटांना बुरशी, मिठाला पाणी, गाद्या दमट, आणि माणसांना याचा अभिमान. आमची अनसूयाताई लग्न होऊन तिथं गेली. आम्ही खालचे, कास्काव्हेलचे, उसाच्या रानात उन्हात वाढलेले. पन्नाशीनंतर तिला दम्यानं धरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "भिंतीची बुरशी हिच्या छातीत जातेय. हिला खाली न्या."

खाली म्हणजे किती लांब, तर बसनं तासाभरावर. पण दाजींना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

"खाली माणसं राहतात होय? भाजून निघतात," ते म्हणायचे.

चूक माझीच. नव्या वर्षाच्या जेवणाला ते आमच्याकडे यायचे, तेव्हाच मी घरं दाखवायचो. ऐन जानेवारीत, आमच्या बेटावरच्या भर उन्हाळ्यात. शर्ट पाठीला चिकटलेला माणूस कशाला हो म्हणेल? शेवटी अक्कल आली आणि एका जुलैत, थंडीच्या दिवसांत, बोलावलं. घरून स्वेटर घालून शिंकत निघालेले दाजी आमच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन दालपुरी खात बसले. "बरं आहे की रे इथं," म्हणाले. त्याच आठवड्यात मी शेजारचं घर त्यांच्यासाठी भाड्यानं घेऊन टाकलं.

महिन्याभरात ताईचा दम्याचा पंप कपाटात गेला. आणि ऑक्टोबर लागताच दाजींची कटकट सुरू झाली. पंखा गरम वारा देतो, नळाला गरम पाणी येतं, डास काय इथंच जन्मतात का. मग रोज सकाळी छत्री घेऊन वर जायला लागले. कधी दात दुखायचा, कधी बँकेत काम असायचं, कधी कुणाची तरी मयत. एवढी माणसं मरत असती तर क्युरपीप ओस पडलं असतं. वरचं घर विकू म्हटलं, तर येईल त्या गिऱ्हाइकाला नावं ठेवायचे. माझं डोकं फिरलं. एक दिवस त्यांच्या मागोमाग गेलो.

रिकाम्या घरात दाजी शिडीवर उभे राहून ब्लीचच्या फडक्यानं भिंत पुसत होते.

"हे काय चाललंय, दाजी?"

"बुरशी काढतोय. पुसून रंग दिला की दोन दिवस छान राहते."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

त्यांनी फडक्यानं वर दाखवलं. कोपऱ्यात पुन्हा काळं धरलं होतं.

"कितवी वेळ ही?"

"अकरावी. एकदा कोरडी राहिली की अनसूयाला परत आणता येईल. तिला बोलू नकोस हं."

"जन्मात वाळली नाही ती भिंत. आता तुमच्यासाठी वाळणार?"

फार चिडलो होतो मी. वाईटही वाटत होतं, म्हणून जास्तच चिडलो.

संध्याकाळी ताई अंगणात दाजींची छत्री उघडून वाळत ठेवत होती. आमच्याकडे जूनपासून थेंब पडला नव्हता.

"वर गेला होतास ना?" तिनं विचारलं. "मला काय कळत नाही? छत्री रोज ओली आणि बाह्यांना ब्लीचचा वास. वाळली का रे भिंत?"

"कसली वाळतेय."

"बरं झालं," ती म्हणाली. "वाळली असती तर त्यांच्यासाठी मला वर जावं लागलं असतं."