पायातला पट्टा

मालवणात पर्यटक फिरवणाऱ्या भास्करकाकांच्या होडीचा नांगर आमच्या पट्ट्याने बांधलेला पाहिला आणि माझं डोकंच सरकलं. पट्टा मी ओळखणार नाही तर कोण? केशरी नायलॉन, त्यावर पांढरी शिलाई. महिन्यापूर्वीच मी त्यांना लहान मुलांची वीस लाईफ जॅकेट दिली होती, त्यांचाच हा पट्टा.

आमचा धंदा सेफ्टीच्या सामानाचा. बाबांनी कुडाळात दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे चिरेखाणवाले. गमबूट, हातमोजे, हेल्मेट. मालवणात पर्यटक वाढले तसे होडीवाले जॅकेट मागायला लागले. ती बाहेरून यायची, सगळी मोठ्यांच्या मापाची. मूल आलं की होडीवाले त्याला तेच घालून वरून सुतळी आवळायचे. मला ते बघवेना. दोन मशीन घेऊन मी मुलांची जॅकेट शिवायला घेतली, टेस्टिंगला पाठवून पास करून आणली. ही वीस माझी पहिली ऑर्डर. त्यावर बाकीचे होडीवाले घेणार की नाही ते ठरणार होतं.

"काका, पट्टे खंय गेले?"

"कापलंय," काका शांतपणे म्हणाले. "पोरां रडतत, आवशी कावतत. पण पट्टो बरो आसा हां, बाय. मजबूत."

मुलं रडतात, आया चिडतात म्हणून पट्टेच कापले! आता हसू की रडू? हा पट्टा पुढून पायांमधून पाठीकडे जातो आणि तिथल्या बकलात अडकतो. पाण्यात जॅकेट वर उचललं जातं. पट्टा नसेल तर ते एकटंच वर जातं आणि मूल खालून निसटतं. मी हे काकांना सांगितलं.

"इतकी वर्सां होडी चलवतंय, एकव पोर बुडला नाय. दर्यो माका शिकवू नको."

एवढं बोलून त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. त्यांची पाच वर्षांची नात मुक्ता तेच पट्टा कापलेलं जॅकेट घालून कडेच्या पाण्यात खेळत होती.

"बघ, कशी तरंगता ती!"

खरंच तरंगत होती. तेवढ्यात एक लाट जरा मोठी आली. मुक्ताच्या पायाखालची वाळू सुटली. ती घाबरली आणि आजोबांकडे बघून तिने दोन्ही हात वर केले.

"आजोबा, माका घे!"

हात वर झाले तसं जॅकेट कानांच्या वर गेलं आणि मुक्ता खाली. केशरी जॅकेट तरंगत राहिलं, आत पोर नाही. काका कपड्यांसकट पाण्यात धावले. काकांच्या कमरेएवढंच पाणी होतं, म्हणून दोन घोट खारट पाण्यावर निभावलं.

मुक्ताला खांद्यावर घेऊन काका किनाऱ्यावर आले. मग म्हणाले, "पोर घाबारला काय हात वर करताच. आमीच तेंका तसा शिकवतो."

मग त्यांनी नांगराचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला. तो हातात घेतल्यावर माझीही चूक कळली. खाणकामगारांच्या कमरपट्ट्याला वापरतो तीच खरखरीत पट्टी मी मुलांच्या मांड्यांना लावली होती. मुलं रडणार नाहीत तर काय करतील? मुक्ताच्या आईला बोलावून मी पट्टा कसा हवा ते विचारलं. ती म्हणाली, "मऊ हवा, आणि बकल पुढे, माझ्या हाताला येईल असं."

तसंच शिवलं. सुती कापड चढवलेला पट्टा, बकल पोटावर. पहिलं जॅकेट मुक्ताने घातलं, हात वर करकरून पाण्यात उड्या मारल्या. जॅकेट जागचं हललं नाही. त्या हंगामात आणखी सात होडीवाल्यांनी घेतली. आता काका पर्यटकांच्या मुलांना स्वतः बकल लावतात आणि कुणी आई कुरकुरली तर होडीच सोडत नाहीत.

माझ्यापुरता एक नियम मी तेव्हापासून पाळते. सेफ्टीचं सामान विकलं की महिन्याने जाऊन बघायचं, ते अंगावर आहे की नांगराला.